प्रवाशाचा रकाना

मंदीच्या त्या काळातल्या दुबईबद्दल लिहिणारे सगळे जण विमानतळावर किल्ल्यांसकट सोडून दिलेल्या गाड्यांबद्दल लिहितात. मला अशी एकही गाडी दिसली नाही. मला दिसले ते फॉर्म.

दोन हजार नऊच्या सुरुवातीला आमच्या कंपनीने माझ्याकडची गाडी काढून घेतली आणि तिच्या बदल्यात एक फॉर्म दिला. गाडी कंपनीची होती. ती चालवणाऱ्या पेशावरच्या ड्रायव्हरला आदल्याच महिन्यात घरी पाठवलं होतं. आता मी माझी स्वतःची गाडी चालवायची, गेलेले किलोमीटर वहीत लिहायचे आणि महिनाअखेरीला फॉर्म भरून दर किलोमीटरला साठ फिल्स, म्हणजे दिरहमचे साठ पैसे, मागायचे. मी क्वांटिटी सर्व्हेअर. बांधकामावर किती वीट, किती लादी, किती रंग लागला ते मोजणं हा माझा धंदा. मोजण्याचं काम अंगावर आलं म्हणून मी कधी कुरकुर केलेली नाही. उलट मला जरा बरंच वाटलं, आणि इथेच माझं चुकलं.

आमचं ऑफिस दुबईत, घर शारजात अल मजाजला आणि साइट अबुधाबीच्या अलीकडे खलिफा सिटीत. तिथे चाळीसेक व्हिला अर्धवट उभे होते आणि ते पूर्ण होणार की तसेच राहणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आठवड्यातले चार दिवस मी साइटवर जायचो.

कंपनीची मूळ शाखा इंग्लंडमधली, त्यामुळे फॉर्मही तिथूनच जसाच्या तसा आलेला. पाच पानं. त्यात नियम असा की घर ते ऑफिस हा प्रवास तुमचा, त्याचे पैसे नाहीत; ऑफिस ते साइट हा कंपनीचा. घरून थेट साइटवर गेलात तर घर ते ऑफिस इतकं अंतर वजा करायचं. माझं घर ते ऑफिस पंचवीस किलोमीटर. म्हणजे रोज सकाळी शारजातून निघालेला मी पंचविसाव्या किलोमीटरला, गाड्यांच्या एका मोठ्या शोरूमसमोर, खासगी माणसाचा कंपनीचा माणूस होत असे. संध्याकाळी त्याच शोरूमसमोर पुन्हा खासगी. मी ते इतकं मनावर घेतलं होतं की त्या पंचवीस किलोमीटरपर्यंत गाणी लावायचो आणि मग बंद करायचो.

शेवटच्या पानावर कर-सवलतीचा भाग होता. सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कंपनी कमी देत असेल तर उरलेल्या फरकावर तुम्हाला प्राप्तिकरात सवलत मागता येते, त्यासाठी ही नोंदवही जपून ठेवा, असं त्यात लिहिलं होतं. आमचे मॅनेजर इंग्रज. त्यांनी मला ते पान उलगडून समजावलं. तिकडे असताना दर एप्रिलला आपण हे कसं भरायचो, एका वर्षी कर खात्याने कसे पैसे परत केले, हे सांगताना त्यांचा आवाज घरची आठवण आलेल्या माणसासारखा हळवा झाला होता.

मी ते पान घेऊन अकाउंट्समध्ये गेलो. तिथला हिशेबनीस कोट्टायमचा, वीस वर्षं गल्फमध्ये काढलेला, आमच्यात दुवा हिंदीचा.

"ये फरक किससे मांगने का?" मी विचारलं.

त्याने पान पाहिलं, मला पाहिलं. "साब, इधर टैक्स ही नहीं है."

"वो मालूम है. लेकिन कॉलम है."

"तो फिर ऊपरवाले को लिखो. इन्शाल्ला, अप्रैल में आ जाएगा."

करमुक्त देशात येण्यासाठी माणसं काय काय करतात. मी मात्र त्या दिवशी कर खात्याच्या आठवणीने व्याकूळ झालो होतो. पुण्यात असताना पंधरा वर्षं मी मुदतीच्या आठवडाभर आधी विवरणपत्र भरलं होतं. इथे माझ्या प्रामाणिकपणाला गिऱ्हाईकच नव्हतं. ती सगळी तुंबलेली सचोटी मी या किलोमीटरच्या वहीत ओतली. लोक एकशे पंधरा लिहीत, मी एकशे चौदा पूर्णांक सहा लिहायचो. वाळूच्या वादळामुळे वळसा पडला तर तसं कारण लिहायचो. 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात बाकीचे 'साइट' एवढंच लिहीत. मी 'तिसऱ्या रांगेतल्या व्हिलांच्या न्हाणीघरांतील लाद्यांची फेरमोजणी' असं लिहायचो, अर्थात इंग्रजीत. कोणीतरी ते वाचेल आणि मान डोलवेल अशी मला आशा होती. बायको म्हणायची, "तू डायरी लिहितोयस, आणि ती पण कंपनीच्या खर्चाने."

त्याच फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता: सोबत प्रवास करणारा सहकारी. कोणी सोबत असेल तर त्याचा कर्मचारी क्रमांक आणि तो कुठे चढला ते लिहायचं. मग दर किलोमीटरला पाच फिल्स जास्त मिळत. माझ्यासोबत कोणी नसायचं. पण माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते, आणि त्यांनी मला शिकवलेली एकमेव व्यवहारातली गोष्ट म्हणजे फॉर्मात रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकाम्या रकान्यात नंतर कोणीही काहीही लिहू शकतं. देण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. मी चौदा महिने, रोज, न चुकता त्या रकान्यात 'निल' लिहिलं. एवढ्या वेळा ते लिहिणारा आमच्या कंपनीत दुसरा कोणी नसावा, कारण बाकीचे त्या पानापर्यंत जातच नसत.

मग दोन हजार दहाच्या वसंतात एक माणूस आला.

साइटवर लाद्यांच्या कामाचा एक फोरमन होता, कुडाळकडचा, माझ्याच वयाचा, कंपनीत अकरा वर्षं झालेला. मी लाद्या मोजायचो आणि तो बसवून घ्यायचा, त्यामुळे आमचं रोज बोलणं व्हायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला.

"साहेबानु, तुमी शारजेक रवतास मा?"

"हो. का?"

त्याने आधी मागे वळून पाहिलं. त्याची बायको व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी येत होती. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यातली अकरा तो इथे. तिने विमानतळाच्या पुढे काही पाहिलं नव्हतं, आणि तो विमानतळही गोव्याचा. तिच्या मावसभावाने शारजात रोला भागात आपल्या फ्लॅटमधली एक खोली त्यांना दोन महिने द्यायचं कबूल केलं होतं. अडचण एकच. कंपनीच्या नियमानुसार साइटवरच्या माणसाने जवळच्या मुसाफ्फातल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये झोपायचं. परवानगीशिवाय बाहेर राहिलेल्या दोघांना त्याच वर्षी पाठवून दिलं होतं. मंदीत कंपनी कारणं शोधतच होती, आणि हे कारण विनाखर्चाचं होतं.

"परवानगी मागितली का?" मी विचारलं.

"मागलंय तर नाय म्हणतले. मगे नाय म्हटल्यावर गेलंय तर आणखी वायट."

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. कॅम्पच्या सुपरवायझरला त्याने समजावलं होतं. खाट त्याच्या नावावरच राहणार होती. माझ्याकडून त्याला फक्त सकाळ-संध्याकाळची गाडी हवी होती. मी ऑफिसात असेन त्या दिवशी तो बसने जाणार होता.

मी हो म्हटलं. तो पैसे द्यायला लागला, तर मी ते नाकारले, आणि नाकारताना कायद्याचं कारणही सांगितलं, म्हणजे खासगी गाडीत पैसे घेऊन माणसं नेणं इथे गुन्हा आहे वगैरे. उपकार करतानाही मला नियमाचा आधार लागतो.

बायको यायच्या दोन दिवस आधी तो रोलाला राहायला आला, आणि तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास चालत आमच्या इमारतीखाली येऊन उभा राहायचा. मी त्याला घ्यायला तिकडे येतो म्हटलं, तर म्हणाला, "नको, तुमचे किलोमीटर वाडतले." माझ्या वहीची कीर्ती साइटपर्यंत पोचली होती.

त्याची बायको आल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्या हातात स्टीलचा डबा होता, आत घावणे. संध्याकाळी मी तो धुऊन परत द्यायला निघालो तर माझ्या बायकोने हातून काढून घेतला.

"रिकामा डबा देतोस परत? तिला काय वाटेल?"

तिने त्यात साबुदाण्याच्या चकल्या भरल्या. दोन दिवसांनी तो डबा सोलकढीची बाटली घेऊन आला. मग आमच्याकडून शंकरपाळे गेले. त्या दोघी एकमेकींना भेटल्या नव्हत्या, पण दोन महिने तो डबा शारजाच्या रस्त्यांवरून भरलेलाच हिंडत होता आणि त्याची ने-आण करणारे आम्ही दोघे पुढच्या सीटवर बसलेले असायचो.

आता मुद्द्याचं. महिनाअखेर आली, मी फॉर्म भरायला बसलो आणि प्रवाशाच्या रकान्यापाशी थांबलो. चौदा महिने तिथे 'निल' लिहिलं होतं कारण ते खरं होतं. आता ते खोटं होतं. रिकामा सोडावा तर वडील डोळ्यांसमोर. आणि कर्मचारी क्रमांक मला पाठ होता, कारण त्याच्या हजेरीवर मीच सही करायचो. मी तो क्रमांक लिहिला. 'चढण्याचं ठिकाण: अल मजाज, शारजा.' दिवसाला येऊन-जाऊन साडेअकरा दिरहम जास्त झाले.

"म्हणजे दीडशे रुपये," बायको म्हणाली. "रोजचे? त्याला सांगितलंस का तू त्याचं नाव लिहितोयस म्हणून?"

"नाव नाही, नंबर."

तिने माझ्याकडे जे पाहिलं त्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. मला वाटलं तिला हिशेब पटला नाही. पैशांसाठी मी ते केलं नाही हे मी आजही सांगतो, आणि आजही कोणाला ते पटत नाही. मी फक्त एक खरी गोष्ट योग्य जागी लिहिली होती. त्या माणसाची नोकरी ज्या गोष्टीवर टांगलेली होती ती मी सही-शिक्क्यासह कंपनीला कळवली होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

पहिला महिना काही झालं नाही. दुसऱ्या महिन्याचा अर्धा गेल्यावर, एका सोमवारी, मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हिशेबनीस तिथे आधीच उभा होता आणि खिडकीबाहेर पाहत होता, जिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. टेबलावर दोन कागद होते. एक माझा फॉर्म. दुसरी कॅम्पच्या खाटांची यादी. इंग्लंडहून खाटा कमी करायचा हुकूम आला होता, म्हणून तिथल्याच कोणीतरी सगळे कागद एकमेकांशी ताडून पाहिले होते. या क्रमांकाचा माणूस रात्री मुसाफ्फात झोपतो आणि सकाळी दीडशे किलोमीटरवर शारजात गाडीत चढतो, असं ते दोन कागद मिळून सांगत होते.

"यातला एक कागद खोटा आहे," मॅनेजर इंग्रजीत म्हणाले. "कॅम्पचा असेल तर माणूस जाईल. कुठला ते मला गुरुवारपर्यंत लेखी सांग."

मी बाहेर आलो. हिशेबनीस मागोमाग आला.

"साब, मैंने नहीं भेजा. उधर से पूछा."

"मालूम है."

"आप वो कॉलम क्यूं भरा? कोई नहीं भरता. मेरे को आज पता चला वो कॉलम है."

चार दिवस होते. पहिले दोन मी तिसरा मार्ग शोधण्यात घालवले. क्रमांक चुकून पडला म्हणावं, तर सोळा दिवस तोच कसा चुकेल. तो शारजात पाहुणा म्हणून आला होता म्हणावं, तर सोळा दिवस. माझ्या वहीचा बंदोबस्त असा पक्का होता की त्यातून मीच बाहेर पडू शकत नव्हतो. सगळ्या तारखा, सगळे दशांश, सगळी कारणं जागच्या जागी होती.

उरला एकच रस्ता. कॅम्पचा कागद खरा ठरायचा तर माझा खोटा ठरायला हवा होता. म्हणजे मी असं लिहून द्यायचं की गाडीत कोणी नव्हतं; पाच फिल्सच्या लोभाने मी एक प्रवासी बनवला आणि त्यासाठी ओळखीचा एक क्रमांक वापरला. उभ्या आयुष्यात मी एक खोटी पावती जोडली नव्हती. आता मला खोटं बोलून हे सांगायचं होतं की मी खोटं बोललो.

मी हे घरी सांगितलं तेव्हा मुलगी अभ्यास करत होती. आठवीत होती. तिने मान वर न करता निकाल दिला.

"बाबा, दॅट्स नॉट इव्हन युअर क्राइम."

"क्राइम नाही, क्लेम," मी म्हणालो.

"नोकरी जाईल का?" बायकोने विचारलं.

"वॉर्निंग लेटर नक्की. आणि सध्या यादी करताना ते आधी वॉर्निंग लेटरवाले बघतात."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याच्या बायकोचे अजून तीन आठवडे आहेत ना इथे?"

"हो."

"मग लिही. आणि नीट लिही. तुझं ते लाद्यांसारखं नको."

मी कबुलीजबाब लिहायला बसलो आणि माझी पंचाईत झाली. पहिला मसुदा फार सफाईदार झाला; त्यात एक नैतिक सूर होता, जो चोराला शोभत नाही. दुसऱ्यात मी इतका खजील होतो की तुरुंगातून लिहिलाय असं वाटावं. तिसऱ्यात कारण दिलं: वाढलेलं घरभाडं. पण त्या वर्षी शारजातली भाडी निम्म्यावर आली होती हे कोणालाही माहीत होतं. बायकोने तिसरा मसुदा वाचला, भाडं खोडलं, आणि म्हणाली, "कारण नको. पैसे चोरणारा माणूस कारण देत नाही." शेवटी चार ओळी उरल्या. प्रवासी नव्हता. क्रमांक मी हजेरीवरून घेतला. संबंधित कर्मचाऱ्याला याची कल्पना नाही. पैसे परत करतो.

तिसरं वाक्य तेवढं खरं होतं.

बुधवारी सकाळी गाडीत मी ते फोरमनला सांगितलं. सांगावंच लागणार होतं, कारण त्याला कोणी विचारलं तर त्यानेही गाडीत नव्हतो असं म्हणायला हवं होतं. तो डबा मांडीवर धरून बसला होता. मी सगळं सांगेपर्यंत शोरूम मागे पडलं होतं.

"तुमी माजो नंबर लिवलास," तो म्हणाला.

"हो."

"कशाक?"

रकाना होता, असं म्हणालो. वडिलांचं काहीतरी म्हणालो. तो ऐकत होता आणि मला कळत होतं की हे कारण त्याच्या अकरा वर्षांच्या नोकरीपुढे किती लहान आहे. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"आणि आता तुमी लिवतलास, मी नाय होतंय."

"हो."

"महिनो-दीड महिनो मी हंय बसान गेलंय. आणि मी नाय होतंय."

"कागदावर."

तो काचेबाहेर पाहत बसला. मग म्हणाला, "तसां नको. मी सांगतलंय साहेबाक, बायल इली म्हणान रवलंय. काय करतले ते करूंदेत. तुमी कशाक चोर होतास?"

"कारण घोटाळा मी केला."

"तो तर केलासच," तो म्हणाला.

जबेल अलीच्या पुढे त्याने विचारलं, "माका खयपासून धरललास? घराकडसून की शोरूमकडसून?"

"शोरूमपासून."

"म्हणजे पयले पंचवीस किलोमीटर मी फुकट." तो पहिल्यांदाच थोडा हसला. "बरां. लिवा तुमी. पण माज्या बायलेक सांगू नकात. ती इतक्या खालच्या माणसाच्या घरचे शंकरपाळे खाल्ले म्हणान रडात."

गुरुवारी मी कागद घेऊन मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो. रात्रभर तालीम केली होती. कुठे थांबायचं, नजर कुठे ठेवायची. इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू गुन्हेगारालाही नीटनेटकं दिसायला हवं. त्यांनी चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग खुर्चीला टेकले आणि मी चौदा महिन्यांत कधी पाहिला नव्हता असा चेहरा केला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"देवाचे आभार," ते म्हणाले. "मला वाटत होतं तुला हेड ऑफिसने पाठवलंय."

त्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"एकशे चौदा पूर्णांक सहा. असं कोण लिहितं? ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटतं तू इतरांचे क्लेम तपासायला बसवलेला माणूस आहेस. तुझ्याबरोबर कोणी जेवायला का येत नाही असं तुला कधी वाटलं नाही?"

मला वाटलं होतं. मी ते माझ्या वाचनाला आणि उच्च अभिरुचीला लावलं होतं.

त्यांनी वॉर्निंग लेटर दिलं, द्यावंच लागणार होतं, पण ते देताना खांद्यावर हात ठेवला. एकशे चौऱ्याऐंशी दिरहम पगारातून कापायचं ठरलं. कॅम्पची यादी खरी ठरली. फोरमनला कोणी बोलावलं नाही, कोणी विचारलं नाही. ज्याच्या नावाचा गैरवापर झाला अशा निष्पाप माणसाला कशाला त्रास, असं मॅनेजरच म्हणाले.

पुढच्या रविवारपासून माझं आयुष्य बदललं. जेवणाच्या टेबलावर मला जागा मिळू लागली. प्लॅनिंगमधला एक इजिप्शियन इंजिनिअर, जो वर्षभर मला नुसता 'गुड मॉर्निंग' म्हणायचा, तो "हबीबी" म्हणत शेजारी बसला आणि हळू आवाजात विचारू लागला की प्रवाशाचा रकाना नेमका कुठल्या पानावर असतो. दोघांनी मला आपापल्या नोंदवह्या दाखवून सल्ला मागितला. सचोटीने मला चौदा महिन्यांत जे मिळालं नव्हतं ते एकशे चौऱ्याऐंशी दिरहमच्या चोरीने मिळालं, आणि ती चोरी मी केलीही नव्हती. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की मला ते आवडलं.

फोरमनची बायको अजून दोन आठवडे होती. तो अजूनही रोज माझ्याबरोबर येत होता, फक्त आता दोन किलोमीटर आधीच, पेट्रोल पंपापाशी उतरून चालत साइटवर यायचा. एका शुक्रवारी, साइट बंद असताना, मी दोघांना गाडीत घालून खलिफा सिटीला नेलं. ती पुढे बसायला तयार नव्हती. मागच्या सीटवर, पदर सावरून, दोन्ही हातांनी डबा धरून बसली होती. कुंपणाच्या बाहेरूनच त्याने तिला एक व्हिला दाखवला. आत जाता येणार नव्हतं. दारं बसली नव्हती, म्हणून पायरीपाशी तळमजल्याची फरशी थोडी दिसत होती.

"ह्या तुमी घातलात?" तिने विचारलं.

"मी नाय, माणसांनी घातली. मी बगलंय."

"सरळ आसा," ती म्हणाली, आणि बराच वेळ पाहत राहिली.

येऊन-जाऊन दोनशे ऐंशी किलोमीटर झाले. ते मी कुठेही लिहिले नाहीत. हेतूच्या रकान्यात लिहिण्यासारखंही मला काही सुचलं नाही.

त्या महिन्याचा फॉर्म भरताना मी पुन्हा प्रवाशाच्या रकान्यापाशी अडलो. क्रमांक लिहिणं शक्य नव्हतं. आणि 'निल' लिहायला हात होईना. खोटं बोलून झालं होतं, लेखी झालं होतं, त्यावर सही झाली होती. पण शेजारी बसून येणाऱ्या माणसाला रोजच्या रोज नव्याने पुसणं मला जमेना. आयुष्यात पहिल्यांदा मी एक रकाना रिकामा ठेवला. सोळा ओळी, सोळाही रिकाम्या. फॉर्म हिशेबनीसाच्या टेबलावर ठेवून मी चटकन निघालो.

"साब," त्याने हाक मारली. "ये खाली है."

"रहने दो ना."

"नहीं चलेगा. अब वो लोग यही कॉलम देखता है. आपकी मेहरबानी."

मी परत येऊन टेबलापाशी उभा राहिलो. पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. तिथून खालचा पार्किंग लॉट दिसायचा. अधूनमधून मी साइटवरून परतताना ऑफिसात डोकवायचो आणि फोरमन खाली गाडीत बसून राहायचा. त्या दिवशीही तो खाली होता, पुढच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन.

"आप का पेन रहने दो," हिशेबनीस म्हणाला.

त्याने फॉर्म स्वतःकडे ओढला, टोपण काढलं आणि त्याच्या बारीक, गोल अक्षरात एकाखाली एक सोळा वेळा 'निल' लिहिलं. घाई केली नाही. शेवटचं लिहून झाल्यावर त्याने ते वरपासून खालपर्यंत मोजले, फॉर्मवर शिक्का मारला आणि म्हणाला, "जाइए साब. नीचे गर्मी है."